गावपळणीतला कॉम्प्युटर

१४ नोव्हेंबर २००५, सोमवार
आजपासून रोजनिशी. माणसाला दिशा पाहिजे.
आजवरच्या नोकऱ्या (फोंडाघाटचं हॉटेल, गोव्याचं गॅरेज, कोल्हापूरचं कॅसेटचं दुकान) मी सोडल्या, नोकऱ्यांनी मला सोडलं नाही. गॅरेज अपवाद.
शाळेच्या मुख्याध्यापिका पिएदाद बाईंनी बोलावलं. शाळेत कॉम्प्युटर आलाय, फोनवरून इंटरनेटसुद्धा. पुण्याच्या एका संस्थेची 'शोध आणि संशोधक' नावाची ऑनलाइन परीक्षा आहे. सातवीची पाच मुलं बसणार, शिकवायला कोणी नाही. मी गोव्यात सायबर कॅफेत जात असे, हे बाईंच्या कानावर होतं. (दोनदा.) मुलं पास झाली तर मला कॉम्प्युटर शिक्षक म्हणून ठेवून घेतील.
नाहीतर गंगाराममामाची बोट. मामा म्हणाला, "म्हयनोभर खेळ तुज्या त्या यंत्रावांगडा. मगे बोटीर येतलंस. जाळी ओढूक इंटरनेट लागणा नाय."
दुर्लक्ष केलं.

१५ नोव्हेंबर
वेळापत्रक आखलं. सोमवारी वाफेचं इंजिन, मंगळवारी वीज, बुधवारी विमान, असं. प्रत्येक वार वेगळ्या रंगात पाहिजे म्हणून पेनं आणायला आचऱ्याला गेलो. तिथे कबड्डीचे सामने चालू होते.

१८ नोव्हेंबर
सामने संपले. पेनं राहिली.

१९ नोव्हेंबर
पहिला वर्ग. पान उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात मुलांना संयम शिकवला. एडिसन शोधताना एका मोटरसायकलचं चित्र दिसलं. ते दाबलं. तिथून लेहचा रस्ता लागला. मनालीपासूनचे सगळे थांबे आता मला पाठ आहेत. मुलांनी एडिसनचं विचारलं. म्हटलं, पाया आधी, एडिसन नंतर.
संजना नावाची एक मुलगी इंग्रजी-मराठी शब्दकोश मांडीवर घेऊन बसते आणि सारखी पडद्याकडे बघते. माझ्याकडे लक्ष नसतं.

२१ नोव्हेंबर
परीक्षेची तारीख आपण निवडायची आहे: २६ नोव्हेंबर, ३ डिसेंबर किंवा १० डिसेंबर. शेवटची घेतली. घाई हा माझा स्वभाव नाही.
तुळसाआते मासे विकून आली, टोपली उतरवता उतरवता ऐकलं आणि भडकली. "अरे मेल्या, यंदा गावपळणीचा वर्स! देवदिवाळी झाली की देव कधी भायर काढीत ता कोणाक ठावक? आदली तारीख घे."
देवाने कौल दिला की आमचा अख्खा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या सगळं, तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतो. गावात चिटपाखरू नसतं. आतेला समजावलं की परीक्षा ऑनलाइन आहे, ती गावात नसतेच. आते मासे धुवायला गेली. पटलं असावं.

२५ नोव्हेंबर
आज एक नियम सापडला. डिझेल इंजिन डिझेल नावाच्या माणसाने काढलं. म्हणजे वस्तूला ती काढणाऱ्याचंच नाव असतं. वेगळं पाठ करायची गरजच नाही! अख्खा अभ्यासक्रम एका वाक्यात आला. मुलांना लिहून दिलं.
संजनाने विचारलं, "दादा, मगे सायकल?"
वर्ग लवकर सोडला.

२९ नोव्हेंबर
जबाबदारी टाकल्याशिवाय मुलं घडत नाहीत. म्हणून माऊस त्यांच्या हाती दिला आणि माझा मित्र नितेश याची नवी गाडी चालवून बघायला गेलो. देवगडपर्यंत. संध्याकाळी आलो तर मुलांच्या वह्या भरलेल्या. संजना इंग्रजी वाचते, अडलेला शब्द कोशात बघते, मराठीत सांगते, बाकीचे चौघे लिहून घेतात. वाफेच्या इंजिनापासून क्ष-किरणांपर्यंत गेली आहेत. माझ्या नियमावर मात्र सगळ्यांनी काट मारली आहे. वयच तसं.
एकूण पद्धत रुजते आहे.

४ डिसेंबर
कौल झाला. आठ तारखेला बाहेर, अकराला परत.
आतेने माझ्याकडे बघितलं आणि गोधड्या बांधायला घेतल्या.
बाई घाबरल्या होत्या. त्या मालवणला राहतात, त्यांना गावपळणीचं काय ठाऊक. मुलांची वर्षभराची एकच संधी, म्हणत होत्या. मी धीर दिला. गाव बाहेर येतो तसा कॉम्प्युटरही येईल. बाई म्हणाल्या, "आणि फोनची लाईन, गुरुदास?"
बाई तपशिलात फार अडकतात.

८ डिसेंबर, शिवेबाहेरचा माळ
शेजारच्या बाबलीच्या बैलगाडीतून कॉम्प्युटर आणला. आतेची गोधडी गुंडाळून, एक ओरखडा नाही. आमच्या झोपडीत पाट्यावर ठेवला.
माळावर वीज नाही. हे आल्यावर लक्षात आलं.
माऊसही शाळेतच राहिला. आणायला निघालो तर मामा शिवेवर आडवा. "खंय चललंस? आता गावात पाय ठेवूचो नाय."
म्हटलं, निदान शाळेतून इथपर्यंत फोनची वायर ओढता आली तर?
"गावात माणूस नाय. थंयसून फोन कोण जोडतलो? देव?"
आजूबाजूचे पंधरा-वीस जण हसले. माळावर करमणुकीची साधनं कमी आहेत.

९ डिसेंबर
संजना बाईंचा निरोप घेऊन आली. उद्या सकाळी सातला एसटीच्या थांब्यावर या, बाईंचा भाचा रॉयस्टन याच्या मालवणच्या सायबर कॅफेत परीक्षा देऊ. उलट निरोप दिला की गरज नाही, इथली तयारी पूर्ण होत आली आहे. संजनाने कॉम्प्युटरची लोंबणारी वायर उचलून बघितली, परत खाली ठेवली. मग म्हणाली, "बरां, दादा."
ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी पलीकडच्या झोपड्यांत गेलो. तिथे बांगडे भाजत होते. बॅटरीचा विषय निघाला नाही.

१० डिसेंबर, सकाळी ११
परीक्षेची वेळ. मुलं नाहीत.

११.२०
अजून नाहीत. वक्तशीरपणा शिकवायचा राहिला, हे मान्य.

११.४५
बाबली सांगून गेला, पाचही मुलं सातच्या एसटीने बाईंबरोबर गेली. आते आत आली. "तो डबो सरकव रे. कोंबयेक अंडा घालूचा आसा."
सरकवला.

१७ डिसेंबर
निकाल. पाचही मुलं पास! एक महिना मेहनत घेतली त्याचं चीज झालं. इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेलो.
प्रमाणपत्रावर 'मार्गदर्शक' असा रकाना आहे. त्यात लिहिलंय: कु. संजना, इयत्ता सातवी. पाचही प्रमाणपत्रांवर. तिच्या स्वतःच्यासुद्धा.
बाई म्हणाल्या, फॉर्म मुलांनीच भरला, शिकवलं कोणी त्याचं नाव लिहा एवढंच मी सांगितलं. मग चहा दिला. शिक्षकाच्या जागेचं विचारलं तर म्हणाल्या, "माऊस कपाटात आहे, जाता जाता जोडून जा." तो कुठे जोडायचा ते मात्र संजनाने दाखवलं.
मामा शाळेच्या फाटकाशीच उभा होता.

२० डिसेंबर
बोटीवर दुसरा दिवस. हात सोलले. पेन धरवत नाही, म्हणून थोडक्यात.
दुपारी बंदरावर संजना भेटली. म्हणाली, "दादा, बाईंनी माका शनवारचो वर्ग घेवक सांगल्यानी. तू येशीत? तुका पयल्यापासून शिकवतलंय."
हो म्हटलं. पोर नवखी आहे. वर्गात एखादा अनुभवी विद्यार्थी असलेला बरा.