हलका हात म्हणजे किती हलका?

प्रिय बेबीस,

पॉलिशवाल्या भावोजींकडून भरपूर आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? पार्लरमध्ये दिवसभर उभं राहून लोकांच्या भुवया कोरायच्या म्हणजे कंबर धरणारच. तुझ्या यजमानांचा खोकलाही एव्हाना थांबला असेल. तुझी ताई कशी आहे, हे मात्र मी विचारत नाही. ती सोमवारपासून तुझ्याकडेच आहे, माझा फोन उचलत नाही, आणि झाली हकीकत तिने तुला तिखटमीठ लावून सांगितली असणार. (मीठ नुसतं हकीकतीला लागलेलं नाही, ते पुढे येईलच.) म्हटलं, आपली बाजूही लेखी कळवावी. एकतर्फी निकाल नको.

मुळात सुरुवात तू केलीस. येत्या रविवारी ताईला तुमच्या गावात शाळेतल्या मैत्रिणी भेटणार, त्यासाठी तिने बिनबाह्यांचा ड्रेस शिवून घेतला, आरशासमोर कोपरं काळी दिसतात म्हणून हळहळली, आणि तू लगेच फोनवर कॉफीच्या स्क्रबची कृती पाठवून मोकळी झालीस. बारीक कॉफी, थोडी साखर, तेल, आणि ओल्या त्वचेवर हलक्या हाताने गोल गोल चोळा. अगं, हलक्या म्हणजे किती हलक्या? तुझा हलका हात वेगळा, माझा वेगळा. माझा उभा जन्म टेबलं आणि कपाटं घासण्यात गेला आहे. वर तुझी पथ्यं! आधी मनगटावर लावून बघा, चेहऱ्याला लावू नका, आदल्या दिवशी केस काढले असतील तर थांबा, खरचटलं असेल तिथे अजिबात नको, आठवड्यातून एकदाच. आमच्या थिनरच्या डब्यावर इतक्या सूचना नसतात, आणि तो डबा पेट घेतो. ताईने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि मी मान डोलावली. (मान डोलावणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे इतक्या वर्षांच्या संसारात तिला कळायला हवं होतं.)

आता एक गोष्ट नीट लक्षात घे, कारण ती तिने नक्की गाळली असणार. मी आपण होऊन गेलो नव्हतो. स्वतःचं कोपर आणि खांद्यामागची जागा स्वतःला धड घासता येत नाही, म्हणून तिनेच मला बाथरूममधून हाक मारली. मी वाटीतलं मिश्रण बोटांत धरून बघितलं. पीठ गं नुसतं! अशा भुकटीने काय निघणार? आमच्या धंद्यात आधी घासायचा जाड कागद, मग बारीक. पहिल्याच हाताला बारीक कागद घेणाऱ्या माणसाला मी कारखान्यात उभं करत नाही. म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफीच्या बिया स्वतः भरडून आणल्या, त्यात जाडं मीठ आणि तेल टाकलं, आणि दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणून ते फडक्यात घालून फडकं माझ्या लाकडी ठोकळ्याला गुंडाळलं. (ठोकळा स्वच्छ होता. उगाच काहीही ऐकू नकोस.) गोल गोल घासणं मला पटलं नाही. गोल घासलं की लाकडावर ओरखडे दिसतात, हे कोणताही पॉलिशवाला सांगेल. मी आपला खांद्यापासून कोपरापर्यंत सरळ रेषेत हात चालवला.

दोन्ही हात घासून होईपर्यंत ती दात आवळून उभी होती. मला वाटलं, बरं वाटतंय. केस आदल्याच दिवशी काढले होते हे ती मला नंतर ओरडून सांगू लागली, तोवर माझं काम झालं होतं. लालबुंद झालेले हात पाहून मी थोडा चरकलो, हे कबूल करतो. पण आमच्यात घासून झालं की स्पिरिटचा बोळा फिरवतात. घरात स्पिरिट नव्हतं, म्हणून मी दाढीनंतरचं लोशन घेतलं. बेबी, तिने त्यानंतर जो आवाज काढला तो वरच्या मजल्यापर्यंत गेला. मी दचकून मागे सरलो तर फरशीवर तेल. मी नळाला धरलं, नळ माझ्या हातात आला. तेलाचा आणि भरड कॉफीचा सगळा लगदा मोरीच्या जाळीत अडकून बाथरूमचं तळं झालं. प्लंबर आला, त्याने तळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काका, इथे हॉटेल काढायचा विचार आहे का, असं विचारलं. मी आपला हातातला नळ त्याच्यापुढे धरला, कप्पाळ!

तुझ्या ताईने तेवढ्या गोंधळात हातांवर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, बॅग भरली आणि दारात उभी राहून म्हणाली, ‘मी काय टेबल आहे का?’ मी म्हणालो, टेबलाला तरी मी इतक्या मनापासून घासलेलं नाही. मला हे कौतुकाचं वाक्य वाटलं होतं. तिला वाटलं नाही. दार लागलं ते लागलंच. तेव्हापासून घर खायला उठतं. दोघांचा चहा होतो, एक कप बेसिनमध्ये जातो. पण मी काही हात जोडणार नाही. चूक असलीच तर ती कृतीत आहे, आणि कृती तुझी.

तुझा,
नाइलाजाने शांत असलेला भावोजी

ता. क. : फरशीवरचं तेल कशाने निघतं? साबणाने आणखी सरकतं. मी भिंत धरून आंघोळ करतो आहे.

ता. क. दुसरा : काल ताईने वहीत उतरवलेली तुझी कृती काढून पुन्हा वाचली, अक्षर न् अक्षर. आधी मनगटावर लावून पाहिलं. मग कोमट पाणी, बारीक कॉफी, नुसती बोटं. नंतर धुऊन क्रीम लावलं. माझ्या हातांवरचे पॉलिशचे डाग निम्मे गेले आणि कातडी जरा माणसाची वाटायला लागली. मीठ घातलं नव्हतं, तरी जरा चुरचुरलंच; त्याच हातांनी मी तिला किती रगडलं असेल ते मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं गं. तिच्या हातांची आग थांबली का, एवढंच कळव. ड्रेस तिला घालता आला नाही तर मी स्वतःला माफ करणार नाही.

ता. क. तिसरा : हे पत्र तिला अजिबात दाखवू नकोस, माझी काही इज्जत आहे. पण तू पार्लरला जाताना ते चुकून जेवणाच्या टेबलावर राहिलं, तर मी तरी काय करणार? फक्त हे पान वर असू दे.