कायमच्या मुक्कामाची तपासणी

कॅरी,
६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुनेत्रा हिस अ. उ. आ.

घरात फोन असताना ताईला पत्राचा सोस कशाला, असं म्हणशील. अगं, तुझा फोन आला की यतीन तो स्पीकरवर टाकतो, आणि मग मी तुझ्याशी न बोलता सगळ्या घराशी बोलते. लेकाच्या घरी लेकाबद्दल चार शब्द बोलायची सोय नको का? म्हणून कागदावर लिहायचं आणि त्याचा फोटो तुला पाठवायचा, ही माझी युक्ती. चष्मा लावून वाच.

इकडे अमेरिकेत सगळं ठीक. राधिका रोज संध्याकाळी मला गाडीतून लाल-पिवळी झालेली झाडं दाखवायला नेते. सून गुणी आहे, मला उगीच नावं ठेवता येत नाहीत. नात इशिता माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते. दोघींना निम्मंच कळतं, त्यामुळे भांडण होत नाही.

बातमी अशी, की माझी वैद्यकीय तपासणी व्हायची आहे. यतीन म्हणाला, एकदा ती झाली की दर वेळची व्हिसाची कटकट संपेल, जाणं-येणं सोपं होईल. त्याने ढीगभर कागद पुढ्यात ठेवले, पिवळ्या चिठ्ठ्या लावलेले. चिठ्ठी दिसेल तिथे मी सही केली. आता डॉक्टरांना माझ्या लसींची माहिती हवी आहे. मी दंडावरचा देवीचा वण दाखवीन म्हटलं, तर यतीनने कपाळाला हात लावला. करोनाच्या आणि न्यूमोनियाच्या लसीचे कागद माझ्या सांगलीच्या घरी असतील. मागच्या खोकल्याच्या वेळचा छातीचा एक्स-रेही बघ. किल्ली तुझ्याकडे आहेच.

मी वीस जानेवारीला निघते. ज्येष्ठ नागरिकांची एकांकिका स्पर्धा फेब्रुवारीत आहे, तेव्हा मंडळींना पाठांतर सोडू नका म्हणावं. मी माझी वाक्यं रोज स्वयंपाकघरात म्हणते. परवा राधिकाला वाटलं, मी कुकरवर चिडले आहे.

लोभ आहेच, तो मी येईपर्यंत पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उल्काताई


मिरज,
१० नोव्हेंबर २०२५

ती. उल्काताईस शि. सा. न. वि. वि.

फोटोत तुझ्या पत्राची खालची ओळ कापली गेली. लोभाचीच असणार असं धरून चालले आहे.

लसींचे दोन्ही कागद मिळाले. तुझं कपाट रिकामं करताना खालच्या खणात सापडले, एक्स-रेही तिथेच होता. सगळ्यांचे फोटो यतीनला पाठवले. तपासणीला जाताना सैल बाह्यांचा ब्लाउज घाल, रक्त काढायला बरं पडतं. आदल्या दिवशी लोणचं-पापडाला हात लावू नकोस, तुझा रक्तदाब उगीच चढतो आणि डॉक्टर घाबरतात. एप्रिलमध्ये न्हाणीघरात पडली होतीस, तेही सांग. मोठेपणा करून लपवू नकोस.

एकांकिकेची काळजी करू नकोस. तुझं काम सध्या नीना करते आहे. उभी छान राहते, वाक्यं मात्र विसरते आणि दोष प्रॉम्प्टरला देते.

ह्यांचा गुडघा दुखतोच आहे, पण तक्रार करायला मी असल्यामुळे ते खुशीत असतात. ताई, तू तिथे नीट राहा. एवढी परत यायची घाई कशाला? यतीनला तरी तुझ्याशिवाय कोण आहे? लेकाकडे चार दिवस जास्त राहिलीस तर काय बिघडलं?

लहान बहिणीवर माया असू दे.

तुझी,
सुनेत्रा


कॅरी,
१९ नोव्हेंबर २०२५

सुनेत्रास,

आशीर्वाद लिहायला पेन उचललं, पण हात चालला नाही.

काल तपासणी होती. डॉक्टर रेखा म्हणून आहेत, मूळच्या बडोद्याच्या. त्यांनी रक्त काढलं, छाती-पाठ तपासली, गुडघ्यावर हातोडी मारली. मी तू सांगितलेला सैल बाह्यांचा ब्लाउज घातला होता. सगळं झाल्यावर त्यांनी हिंदीत विचारलं, की आता इथेच कायम राहायचं म्हणून आनंद झाला असेल ना. मी हसले. म्हटलं, मी जानेवारीत सांगलीला चालले आहे, माझी एकांकिका आहे.

त्यांच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी यतीनला बाहेर बसायला सांगितलं आणि मला सगळं समजावलं. ही तपासणी इथे कायम राहण्याचा परवाना मागणाऱ्यांचीच करतात. पाहुण्यांना ती लागत नाही. मी चिठ्ठ्या बघून सह्या केल्या, तो त्या परवान्याचाच अर्ज होता. शेवटची एक सही मी त्यांच्यासमोर करायची होती. ती मी केली नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या मनाविरुद्ध ती इथे कुणी घेऊ शकत नाही. परक्या बाईने मला विचारलं, सुनेत्रा. माझ्या माणसांपैकी कुणी विचारलं नव्हतं.

गाडीत यतीन म्हणाला, तुझ्या भल्यासाठीच केलं, आणि मी एकट्याने नाही, मावशीलाही पटलं होतं. सांगलीचा फ्लॅट दहा तारखेपासून भाड्याने दिला आहे, हेही त्याने त्याच दमात सांगितलं. त्याला वाटलं असावं, तू सामील आहेस हे ऐकून माझा राग निवळेल.

तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. कपाट रिकामं करताना, असं तू लिहिलं होतंस. दोन कागद शोधायला कुणी कपाट रिकामं करत नाही. मला वाचताना ते खटकलंही नव्हतं, इतका माझा तुझ्यावर भरवसा होता.

राधिकाला यतीनने सांगितलं होतं, की आईची संमती आहे. कालपासून ती त्याच्याशी बोलत नाही. मुलाने फसवलं म्हणून मी संतापले. पण तू होतीस हे कळल्यावर खोलीचं दार लावून रडले. तू मला लोणचं खाऊ नकोस, बाह्या सैल ठेव म्हणून सांगत होतीस, आणि माझ्या घरात दुसऱ्यांची भांडी लागत होती. तुला लिहिताना काहीच वाटलं नाही का?

माझ्या घरात कोण राहतं? माझं सामान कुठे आहे? एवढंच कळव.

उल्का


मिरज,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

देवांग म्हणून बँकेत आहे, तो आणि त्याची बायको राहतात. करार अकरा महिन्यांचा. सोसायटीच्या कामांसाठी तू मला कुलमुखत्यारपत्र दिलं होतंस, त्यावर मी सही केली. तुझं सामान मागच्या खोलीत कुलपात आहे. काही फुटलेलं नाही.

तू रागावणार हे मला माहीत होतं. पण एप्रिलचा तो दिवस तू विसरलीस, मी विसरले नाही. तू सकाळपासून फोन उचलत नव्हतीस. न्हाणीघराचं दार फोडताना ह्यांचा हात सोलवटला, त्यावरून तू नंतर त्यांची चेष्टा केलीस. मी बाहेर उभी राहून तुला हाका मारत होते आणि आतून उत्तर येत नव्हतं. त्यानंतर तुझा फोन दोनदा वाजून बंद झाला, तरी मी चपला पायात सरकवायचे. यतीनने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं. ताई, ती सही करून टाक. आता इकडे येऊन तू राहणार कुठे?

माझ्यावर राग धर, पण मला टाकू नकोस.

तुझीच,
सुनेत्रा


कॅरी,
१ डिसेंबर २०२५

सुनेत्रास,

पत्र पोचलं. तू दाराबाहेर उभी होतीस तेव्हा तुझ्यावर काय गुजरलं, ते मला आजवर कळलं नव्हतं. ते तू मला एप्रिलमध्ये सांगायला हवं होतंस. यतीनला नव्हे, मला. मी तुझी चेष्टा केली असती आणि मग ऐकलंही असतं.

विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, असं तू लिहितेस. हो, म्हणाले असते. माणूस नाही म्हणू शकतं म्हणूनच तर त्याला विचारायचं असतं.

मी सही करणार नाही. यतीनने दोनदा समजावलं, एकदा डोळ्यांत पाणी आणलं. मी त्याला जेवायला वाढते, उत्तरं देते, त्यापलीकडे अजून काही जमत नाही. राधिकाने माझं तिकीट अलीकडचं करून दिलं आहे. चौदा तारखेला निघते. नीनाला सांग, माझं काम मला परत हवं आहे. ते कुलमुखत्यारपत्रही आल्या आल्या रद्द करणार आहे.

देवांग आणि त्याच्या बायकोला बाहेर काढायचं नाही. त्यांनी विश्वासाने घर घेतलं, त्यांचा काय दोष? त्यांचा करार संपेपर्यंत मी मिरजेला, तुझ्याच घरी राहणार आहे. गच्चीशेजारची खोली मला नको, जिने चढवत नाहीत. तुमची झोपायची खोली मला रिकामी करून दे. न्हाणीघराला मी आतून कडी लावणार नाही, म्हणजे तुला बाहेरून हाका माराव्या लागायच्या नाहीत. सकाळचा चहा सहाला लागतो. तुझ्या चारुदत्तरावांना बातम्या हळू आवाजात लावायची सवय करायला सांग.

हे सगळं तुला चालेल का, ते मी विचारलेलं नाही. वाचून कसं वाटलं, ते मी आल्यावर सांग.

लोभाचं समोरासमोर बसून बघू.

उल्का