चपला दारात होत्या

मॅडम, नांदुऱ्याच्या आपल्या कॉलेजातली तुमची संगणक खोली अजून आहे आणि आठवडाभर मी तिथेच काम करतोय. नवं स्टोरेज बसवायचं आहे. आता खोलीत दोनच सर्व्हर आहेत, पण प्रत्येकाच्या पोटात सहा-सात संगणक चालतात, ज्यांना स्वतःचं अंग नाही. एक ग्रंथालयाचा, एक परीक्षा विभागाचा, एक ऑफिसचा. त्यांचा डेटा आजवर ज्याच्या त्याच्या सर्व्हरमध्ये असायचा. आता तो सगळा एका वेगळ्या पेटीत जाईल आणि नेटवर्कवरून दोन्ही सर्व्हरना दिसेल. एक बंद पडला तर दुसऱ्याने त्याचे संगणक उचलायचे.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. दोन्ही सर्व्हरना एकच डिस्क दिली, पण आळीपाळीने कसं लिहायचं ते ठरवूनच दिलं नाही. दोघांनी एका जागी लिहिलं आणि पाच मिनिटांत सगळा विचका झाला. नशीब, डेटा चाचणीपुरता होता. आणि मला मागून तुमचा आवाज आला, "काऊन बे, दारात चप्पल दिसली नाई का तुले?" मी खरंच वळून पाहिलं. मागे भिंतीवर एसी चालला होता.

शेजारच्या जिनिंग मिलचा कापूस उडून मशीनमध्ये जातो म्हणून तुम्ही सगळ्यांना चपला दारात काढायला लावायच्या. त्यातूनच पुढे नियम झाला. आतल्या लहान खोलीत मुख्य मशीन, तिथे एका वेळी एकच माणूस. दारात चपला दिसल्या की आत कुणीतरी काम करतंय, बाकीच्यांनी थांबायचं, दारही वाजवायचं नाही. एकदा मी तुमच्या चपला ओलांडून आत घुसलो आणि तुम्ही उघडलेलीच निकालाची फाइल शेजारच्या संगणकावरून उघडली. अर्ध्या वर्गाचे गुण उडाले. तुम्ही आवाज चढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "चप्पल दिसली म्हंजे थांबाचं. कितीकबी वेळ लागो, थांबाचं. समजलं?" मी म्हणालो, हाव. मग तुम्ही डब्यातली अर्धी भाकरी माझ्यासमोर ठेवली आणि दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत ते गुण पुन्हा भरले.

आता डिस्कवर मी तुमचाच नियम बसवला आहे. जो सर्व्हर फाइल उघडतो तो तिथे आपली खूण ठेवतो, दुसरा थांबतो. फक्त यात एक गोष्ट जास्तीची आहे. आत असलेल्याने दर काही सेकंदांनी ती खूण नवी करायची, मी आहे, चालू आहे, असं कळवत राहायचं. कळवणं थांबलं की बाहेरचा थोडाच वेळ वाट पाहतो, मग खूण मोडून आत जातो.

काल दुपारी चाचणी म्हणून पहिल्या सर्व्हरची वीज काढली. शेजारी चाचा उभे होते, तुमच्या वेळचे प्रयोगशाळेतले चाचा, यंदा निवृत्त होतील. दुसरा सर्व्हर थोडा थांबला, आणि दोनेक मिनिटांत ग्रंथालयाचा संगणक त्याच्यावर उठून बसला. मी चाचांना सगळं समजावलं.

"मंग हे मशीन आपल्यापेक्षा शहाणं हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी मॅडमच्या खोलीच्या दारात मी पाच वाजता आलो. आत दुपारपासून पडून होत्या. डॉक्टर म्हणे, घंटाभर आधी आणलं असतं तरी जमलं असतं." मग माझ्याकडे वळले. "तू आला व्हता का रे त्या दिवशी?"

"नाई चाचा. घरी पिंपळगावलेच होतो मी."

तुम्ही गेलात त्या आठवड्यात सगळ्यांना हेच सांगितलं होतं. तेव्हापासून मी दुसरं काही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी दुपारचे दोन वाजलेत. प्रोजेक्टवर तुमची सही हवी म्हणून मी सकाळच्या बसने आलोय. खोलीच्या दारात तुमच्या चपला आहेत, निळ्या पट्ट्याच्या, डावीचा अंगठा मोच्याकडून शिवून आणलेला. मी भिंतीला टेकून थांबतो. अर्धा तास होतो. आतून की-बोर्डचा आवाज येत नाही. एकदा हात दारापर्यंत जातो आणि मी तो मागे घेतो, कारण तुम्ही रागवाल. मग पिंपळगाव राजाची बस चुकेल म्हणून मी स्टँडकडे निघतो.

काम आज संपलं. मी त्या खोलीत बूट घालूनच जातो. ऑफिसवाले धुळीसाठी कुरकुरतात, करोत. हे पत्र कुठे टाकायचं माहीत नाही, बहुतेक बॅगेतच राहील. एवढंच राहिलं होतं, मॅडम. मी दाराबाहेर उभा असताना आत स्टूल पडलं होतं. मी ते ऐकलं होतं.