विल्फचं फॉइल आणि चारशे बारा पौंड

६ फेब्रुवारी

भडकलाय! सकाळपासून विल्फ नुसता भडकलाय. गॅस कंपनीचं पत्र आलं — ‘आपला वापर नेहमीपेक्षा फारच कमी दिसतो. मीटर एकदा तपासून घ्याल का?’ झालं! टोस्ट अर्धा टाकून उठला. ‘मला चोर म्हणतात, नॉर्मा! अगं, हे फॉइलचं यश आहे, फॉइलचं!’

दोन वर्षांपूर्वी त्यानं घर गॅसवर तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरच्या मागे स्वयंपाकघरातलं फॉइल चिकटवलं. ऊब भिंतीत जात नाही, खोलीत परत येते म्हणे. मला तर ते भिंतींचं सँडविच बांधून ठेवल्यासारखं दिसतं. पण त्याच महिन्यापासून बिल निम्म्यावर आलं, हे खरं. आणि घर एवढं उबदार की बाहेर बर्फ असताना नवरा आत अर्ध्या चड्डीत! बिलच समोर दिसतंय म्हटल्यावर मी बोलू तरी काय?

संध्याकाळी निकाल लागला — अपमान करणाऱ्या कंपनीकडून गॅस घ्यायचा नाही. कंपनी बदलायची.

८ फेब्रुवारी

बदलली. नवी कंपनी नवा मीटरही फुकट बसवून देणार आहे. जुनीकडे आमचे चारशे बारा पौंड जमा आहेत, ते परत घ्यायचे. एवढे साठले कसे? विल्फनं महिन्याचा हप्ता कधी कमी करूच दिला नाही. ‘आकडा वाढताना बघायला मजा येते,’ म्हणे. दर महिन्याला नवा आकडा लिहून फ्रिजवर लावतो. नातवंडांचे फोटो खाली सरकलेत.

त्याला त्या पैशातून हवा भरून फुगवायचा गरम पाण्याचा टब घ्यायचाय. मागच्या एवढ्याशा अंगणात! शेजाऱ्यांनी काय पाप केलंय? मी म्हटलं, सीहाउसेसला समुद्रकाठी भाड्याचा कॅरव्हान, ते चाकांवरचं घर, एक आठवडा. तीन वर्षं मी कुठ्ठे गेले नाही. शेवटी कबूल झाला. मार्चअखेर पैसे भरले तर मे महिन्यातला आठवडा आपला.

११ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या चार्ल्टनबाई आज पुन्हा आल्या. ‘मिनिटभरच हं, नॉर्मा पोरी,’ म्हणाल्या आणि दोनपासून पाचपर्यंत बसल्या. आमची दोन दारं शेजारी शेजारी — खालचं आमचं, वरच्या जिन्याचं त्यांचं. घंटा वाजली की कळतंच कोण ते.

बाई आली की सरळ रेडिएटरजवळची खुर्ची. अंगात तो तपकिरी कोट, डोक्यावर टोपी. कोट काढा म्हटलं की ‘छे गं, निघालेच आता.’ आणि निघत तर नाही! आपण वर कधी गेलो तरी दार उघडते ती कोट-टोपीतच. विल्फ म्हणतो, ‘कोणाला आत घ्यायला नको, म्हणून घालून बसते. बाहेर चाललेय म्हणायला बरं.’

आहे भरभक्कम. खुर्ची पुरत नाही तिला. लिंबाचा केक कापला तेव्हा मी तिच्या बशीत बारीकसा तुकडा ठेवला. एक्याऐंशीव्या वर्षी हृदयाला जपायला नको?

१४ फेब्रुवारी

विल्फनं मला फॉइलमध्ये गुंडाळून चॉकलेट दिलं. मग फॉइल परत मागितलं.

१९ फेब्रुवारी

शेवटच्या बिलासाठी मीटरवरचा आकडा पाहिजे, आणि फोटो. दोन्ही मीटर पुढच्या दारांजवळच्या कपाटात आहेत, आमचा आणि चार्ल्टनबाईंचा. प्रत्येकावर पाटी आहे. विल्फ टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसला, बर्फात, अर्ध्या चड्डीत. रस्त्यानं जाणाऱ्या पोस्टमननं विचारलं, ‘सगळं ठीक ना, विल्फ?’

पहिल्या फोटोत अंगठा. दुसऱ्यात काचेत विल्फचंच तोंड, नाकासकट. तिसरा बरा आला. तोवर मीटर आणखी थोडा पुढे सरकला होता, म्हणून त्याला चौथा काढायचा होता! मी ओढून आत आणलं.

२७ फेब्रुवारी

पैसे आले नाहीत. जुन्या कंपनीच्या साइटवर ‘पॉपी’ नावाची बाई उत्तरं देते. ती बाई नाही, यंत्र आहे, हे विल्फला अर्ध्या तासानं कळलं. तोवर त्यानं तिला फॉइलची सगळी कहाणी लिहून पाठवली होती. पॉपी म्हणाली, ‘मला समजलं नाही. तुम्हाला घर बदलायचंय का?’

मग फोन. आधी पियानो, मग पियानो, मग पियानो. शेवटी एक पोरगी आली. ‘शेवटचं बिल तयार झालं की पैसे येतील, सर.’ बिल कधी तयार होणार? ‘आकडा तपासला की.’ आकडा कधी तपासणार? ‘वापर फार कमी दिसतोय सर, म्हणून जरा...’

विल्फ पुन्हा लाल! ‘फॉइल, बाई, फॉइल!’

५ मार्च

बोलिंग क्लबात विल्फचं भाषण. विषय सांगायला नको. श्रोते सहा. दोघं झोपले होते.

त्यातला लाडका किस्सा पुन्हा सांगितला. ज्या आठवड्यात फॉइल लावलं, त्याच आठवड्यात दोन्ही घरांचे मीटर बदलायला माणूस आला होता. विल्फनं त्याला गाठलं, आणि ‘बिचारा हातातलं काम विसरून अर्धा तास ऐकत राहिला! पाट्या लावतानासुद्धा माझ्याकडेच बघत होता!’ कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या. बायको ना.

येताना जिन्याच्या दारात चार्ल्टनबाई भेटल्या. त्यांच्याकडेही विल्फनं मागच्या वर्षी फॉइल लावून दिलंय. ‘माझं बिल तर वाढतच चाललंय हो,’ बाई म्हणाल्या. विल्फ म्हणाला, ‘चकचकीत बाजू नीट राहिली नसेल. खिडक्या उघड्या टाकता का?’ बाई म्हणाल्या, ‘नाही हो. मी काहीच उघडत नाही.’ विल्फनं मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी. घरात आल्यावर म्हणाला, ‘काही लोकांना फॉइल मानवतच नाही.’

१२ मार्च

बिल तयार! दहा दिवसांत पैसे बँकेत! मी कॅरव्हानवालीला फोन केला. पुढच्या रांगेतला आहे म्हणे, खिडकीतून सरळ समुद्र. रात्री विल्फबरोबर स्वयंपाकघरात नाचले. माझा गुडघा अजून दुखतोय.

२० मार्च

काय लिहू! हसू की डोकं धरून बसू?

नव्या कंपनीचा मीटरवाला आला. टकला, जाडजूड, तोंडानं सतत शीळ. विल्फनं त्याला आमच्या पाटीचा मीटर दाखवला. ‘गॅस बंद करतो हं, तासभर हीटिंग नाही,’ म्हणाला आणि केला बंद. मी म्हटलं, चहाचं आधण ठेवलंय, राहिलं आता. स्वयंपाकघरात गेले तर किटलीखाली गॅस भडभड चाललेला! रेडिएटर गरमागरम.

‘बंद झाला नाही हो!’ मी ओरडले.

‘झालाय, काकू.’

‘नाही झाला!’

विल्फ म्हणाला, ‘ऊब कोंडून ठेवते बघा, फॉइल!’ मीटरवाल्यानं त्याच्याकडे असं बघितलं की... असो.

तेवढ्यात शेजारच्या जिन्यावर पावलं. चार्ल्टनबाई, कोटात, टोपीत, हातात पातेलं. ‘नॉर्मा पोरी, माझं अंडं उकडत होतं गं. गॅसच गेला.’

पातेल्यात ते एकटं अंडं. मीटरवाल्याची शीळ थांबली. त्यानं गॅस सुरू केला, बंद केला. वर बाईंकडून आणि खाली आमच्याकडून दोनदा खात्री करून घेतली. मग म्हणाला, ‘पाट्या उलट लागल्यात. तुमचं बिल यांचं, यांचं बिल तुमचं. दोन वर्षं झाली असतील. कोणीतरी काम करताना लक्ष कुठंतरी दुसरीकडे ठेवलेलं दिसतंय.’

विल्फ खाली बसून दोन्ही पाट्या पुन्हा पुन्हा वाचायला लागला, फॉइलचं नावही न काढता! लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, असं कधी बघितलं नव्हतं.

चार्ल्टनबाई हसल्या. खरंच हसल्या. ‘अस्सं होय! जाऊ दे. निदान कोणीतरी उबेत होतं.’ मग म्हणाल्या, ‘तुम्ही हीटिंग लावलीत की माझी जमीनही थोडी कोमट व्हायची. मी बूट काढून पाय टेकून बसायचे. मला वाटायचं, माझ्याच हातून काहीतरी चुकतंय.’ आणि वर गेल्या, अंड्यासकट.

२१ मार्च

चारशे बारा पौंड आज सकाळी बँकेत जमा झाले. आजच यायचे होते!

विल्फ खुर्चीत बसून आहे. कंपनीचं ते पहिलं पत्र — ‘मीटर तपासून घ्याल का?’ — मी फ्रिजवर लावलं, आकड्याच्या जागी. विल्फनं ते लांबूनच वाचलं. दुपारी हळूच म्हणाला, ‘मीटरवाला म्हणाला ना, सगळ्या कंपन्या आपसांत हिशेब लावतील. महिने लागतील, पण लावतील. आपण कशाला घाई करायची?’

मी ‘हं’ म्हटलं. खोटं कशाला लिहू? मलाही कॅरव्हान हवाय. मे महिना, पुढची रांग, खिडकीतून समुद्र. दिवसभर ते डोळ्यांसमोर होतं. कंपन्या लावतीलच ना हिशेब?

विल्फ आज लांब पँटमध्ये आहे.

२२ मार्च

रात्री झोप लागली नाही. सकाळी बँकेत गेले, पैसे काढले, पाकिटात घातले. केकही घेतला, अख्खा. विल्फ म्हणाला, ‘मीही येतो.’ मी म्हटलं, ‘तू आधी पाट्या बदल.’

वर गेले. दार उघडलं. आतून गरम हवा अंगावर आली. पहिल्यांदाच!

चार्ल्टनबाईंच्या अंगात कोट नव्हता. कोट, टोपी आणि कोटाखाली घालायचे तीन स्वेटर, सगळं खुंटीवर लटकत होतं. साधा फुलाफुलांचा झगा, आणि त्यातून बाहेर आलेले काडीसारखे हात.

किती बारीक आहे ही बाई! आणि मी तिच्या बशीत छोटा तुकडा ठेवत होते.