जीपखाली जाऊ नको

बंटी,

जीपखाली जाऊ नको. जॅक हळूहळू खाली बसून राहिला आहे. अंगणातलं रक्त बाबाचं आहे. मी अन् आई त्यायले गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन जाऊन राहिलो. तुले किती फोन केले, बंद कायले ठेवला?

काल जीपवरून बाबासंग भांडून तू सौंदडले निघून गेला. आज सकाळी चहा पिऊन बाबा स्वतःच, गाडी उंच करायले स्प्रिंगवर बसवायचे तुझे ते स्पेसर घेऊन जीपजवळ बसले. "पुढून गाडी उंच करून का विमान उडवतो?" असं तुले म्हणणारे तेच! दुसऱ्या बाजूले स्प्रिंग दाबून धरलेली लोखंडी सब्बल निसटली अन् त्यायची दोन बोटं स्प्रिंगखाली चेंगरली. बोटं वाचतील का नाही, माहीत नाही.

भात कुकरमध्ये आहे. खाऊन ये, पण ये. येतानी बाबाचा धुतलेला सदरा आण. आई तुले बोलेल, तू उलटून बोलू नको.

बाबा बाहेर ऑटोत बसले आहेत. मी चिठ्ठी लिहून राहिली म्हणून कळलं, तर तिथूनच ओरडले, "त्याले लिही, डावीकडचा स्पेसर बराबर बसला."

समीक्षाताई