उत्तर काठावरच्या बेशरमची व्यवस्था

मी, कु. भूमिका चुडामण बोरसे, वय २४, शिक्षण बी.एस्सी. (वनस्पतिशास्त्र), राहणार पानखेडे, ता. पारोळा, जि. जळगाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतः लिहीत आहे. बुधवारी नाशिकला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. काळजी नाही, पण नोंद असलेली बरी. डोके शाबूत आहे. छाती तेवढी दुरुस्तीला जात आहे.

१. शेत वडिलांच्या नावे आहे, सोने माझ्याकडे नाही. माझी मालमत्ता म्हणजे गावतळ्याच्या नोंदींच्या सात वह्या. त्या दुर्बिणीसह चुलतबहीण कोकिळाला द्याव्यात. कोकिळा, अंदाजे लिहू नकोस. दिसले नाही तर 'दिसले नाही' असेच लिही.

२. माझे लहान जाळे तळ्यावर मासे धरणाऱ्या धनसिंगभाऊंना. त्यांनी हौसेने तळ्यात बाहेरची चिलापी सोडली, तेव्हापासून आपली मरळ दिसेनाशी झाली. जाळ्यात चिलापी आली तर खावी, मरळ आली तर सोडावी. भाऊ, राग गेलेला नाही.

३. उत्तर काठावरची बेशरम. हे कलम सर्वांना वाचून दाखवावे.

पहिल्या वहीत मी लिहिले आहे, 'बेशरम. परदेशी झुडूप. उपटावे.' पुस्तकात तसेच होते. त्या आषाढात वीस जणांना घेऊन मी अर्धा काठ उपटला. ढिगाऱ्यात जांभळ्या बगळ्याची निळसर हिरवी अंडी फुटलेली निघाली. अकरा. ती चूक माझी. दुसऱ्या कोणावर घालू नये.

माझी आई भिकुबाई हिला अक्षर येत नाही. ढीग पाहून ती म्हणाली, "पोरी, बेशरममा कुत्रं जात नही. काड्या मोडतीस, आवाज व्हस. बगळाले बठ्ठं समजस." बगळ्याला सगळे समजत होते; मी पानांची लांबी मोजत होते, बगळा तिथेच का बसतो, हे विचारलेच नव्हते.

तेव्हापासून विचारते आहे. मागच्या वर्षी बेशरममध्ये सतरा घरटी, आपल्या पाणकणसाच्या गवतात तीन. मग बेशरम चांगली का? तसेही नाही, तिच्या दाटीत आपली कमोदिनी मागे हटते. पाणकणीस दाट झाले तर बगळे तिकडे जातील का? माहीत नाही. फार माहीत करून घ्यायचे आहे. म्हणून दरवर्षी पिल्ले उडाल्यावर चारच हात बेशरम काढावी, तिथे पाणकणीस लावावे आणि पुढच्या पावसाळ्यात घरटी मोजावीत. मोजणीचा हक्क आईला. ती प्रत्येक घरट्यामागे एक चिंचोका डब्यात टाकते. आमचे आकडे एकदाच जुळले नाहीत, तेव्हा मी चुकले होते.

४. शेजारचे उखर्डूनाना, ग्रामपंचायत सदस्य, याच महिन्यात काठ साफ करायला मशीन आणणार आहेत. मला गुडघाभर पाण्यात पाहून ते म्हणाले होते, "तू बी बेशरम, ते झाड बी बेशरम. दोन्हीस्ना पाय पानीमा!" नाना, मशीन आत्ता आले तर फुटलेली अंडी अकरावर थांबणार नाहीत.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. म्हणून आई साक्षीला नाही. नानांना मुद्दाम काहीच ठेवलेले नाही.

ठिकाण : पानखेडे
दिनांक : ५ जुलै २०२५
(सही) भूमिका चुडामण बोरसे

भूमिकाने आमच्यासमोर सही केली :
(सही) मंजुळाबाई प्रेमराज सोनवणे, अंगणवाडी सेविका
(सही) उखर्डू दगा बोरसे

मशीन दिवाळीनंतर. तोपर्यंत दोन्ही बेशरम जागेवर पाहिजेत. – उखर्डू