शब्द माझे, अक्षर तुझं

मुहर्रम बेक, अलेक्झांड्रिया
बुधवार, ६ डिसेंबर १९६१

लाडक्या वगीदा,

तुला, तुझ्या मावशीला आणि रशीद गावच्या सगळ्या खजुराच्या झाडांना सलाम. माझ्या वतीने मावशीच्या हातांचा मुका घे. आम्ही सगळे मजेत आहोत. आई म्हणते, वगीदा नसली की घरात कुणी नीट जेवतच नाही. म्हणजे मी जेवते ते तिच्या मते मोजायचं नाही!

शाळेत काय चाललंय सांगू? सोमवारी इन्स्पेक्टर आले होते. झालं, सगळे क्लब एका सकाळीत जिवंत! कोंबडीपालन क्लबसाठी दरवानाच्या बायकोच्या चार कोंबड्या उसन्या आणल्या. त्यातली एक संगीताच्या वर्गात शिरली आणि पियानोखाली अंडं घालून मोकळी झाली. इन्स्पेक्टरांनी वहीत काय लिहिलं माहितेय? "उत्पादन समाधानकारक." मी रुमाल तोंडात कोंबून हसले गं.

शिवणक्लबच्या टेबलावर या वर्षीही बाजारातल्याच चादरी. आणि तो बास्केटबॉल! मोठ्या बाईंच्या काचेच्या कपाटातून निघाला, इन्स्पेक्टरांसमोर तीन टप्पे पडले आणि परत कपाटात. कुलूप. पाच वर्षं आपण त्या बॉलकडे म्युझियममधल्या राजासारखं बघतोय.

भिंतीवर आपलं भित्तिपत्रक 'दीपगृह' नाहीये. नुसते चार खिळे आहेत. अब्ला दौलत, आपल्या पत्रिका-क्लबच्या बाई, तिथून जाताना मान खाली घालतात.

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस, "मी कुणाचं नाव घेतलं नाही, काळजी करू नकोस. पण माझ्याबद्दल मोठ्या बाईंना कुणी सांगितलं, काही कळलं का?"

त्याचं उत्तर देते. आधी जरा चहा पिऊन येते.

आले. चहा थंड होता.

वगीदा, त्या दिवशी तुला ताप होता, तू घरी होतीस. दुसऱ्या तासाला मला बोलावणं आलं. 'कपाटातला बॉल' हा लेख भिंतीवरून फाडून मोठ्या बाईंनी टेबलावर पसरला होता. खाली तुझा सोनेरी वेल तसाच चमकत होता. मला वाटलं, त्या विचारतील, हे कुणी लिहिलं? मी सांगणार होते, देवाशपथ, वाक्य तोंडात तयार होतं. पण त्या म्हणाल्या, "हे अक्षर कुणाचं?"

आणि मी म्हणाले, "वगीदाचं."

बस. एवढंच. खोटं एक अक्षर बोलले नाही. सगळ्या मुलींचे लेख तूच बोरूने उतरवतेस, हे पहिलीतल्या पोरीलाही माहितेय. मोठ्या बाईंना मात्र वाटलं, ज्याचं अक्षर त्याचंच डोकं. त्यांचा गैरसमज झाला, हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं. तरी मी "जाऊ का?" विचारलं आणि चालू पडले. मागाहून तुला बोलावलं, आणि तू "हो, मीच" म्हणालीस. माझ्यासाठी! तुझे वडील तुला शाळेतून थेट मावशीकडे घेऊन गेले, तेव्हा मी जिन्यामागे उभी होते.

आता मावशी तुझ्यासाठी स्थळं बघतेय म्हणे. शनिवारी परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, आणि मोठ्या बाईंच्या सहीशिवाय तुझा फॉर्म जाणार नाही.

मला उद्या सकाळच्या रांगेत माइक मिळतोय. हे पत्र आज टाकत नाही.

गुरुवार, दुपार

झेंड्याला सलाम झाला. मग रोजचं पठण, मग आजचा सुविचार: "सत्य हा सर्वोत्तम दागिना." (मी निवडला नव्हता!) मग शाळेच्या बातम्या, म्हणजे मी.

मी वाचलं, "आजची बातमी. 'कपाटातला बॉल' हा लेख इन्शिराह फहमीने लिहिला. वगीदाने तो फक्त सुंदर अक्षरात उतरवला. मोठ्या बाईंचा ईदचा संदेशही तिनेच उतरवला होता. मग तोही वगीदाचाच का?"

मग मागच्या रांगेतून खी खी सुरू झालं ते थांबेचना. कुणीतरी माइक बंद केला. मी ओरडून म्हणाले, "आणि बॉल अजून कपाटातच आहे!"

ऑफिसात मोठ्या बाईंचा चेहरा टोमॅटो झाला होता. "लाज नाही वाटत, पोरी?"

"वाटते बाई. वीस दिवस वाटतेय. लेखाची नाही."

"माफीनामा लिही. आत्ता, इथे."

"लेखात खोटं काय ते दाखवा. तेवढ्याचा लिहिते."

अब्ला दौलत दारात होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, "बाई, लेख लावायची परवानगी मी दिली होती. शिक्षा करायची तर माझ्यापासून सुरुवात करा. पण त्या मुलीचा फॉर्म अडवायला आता कारणच उरलेलं नाही."

मग मोठ्या बाईंनी तुझा फॉर्म ओढला आणि सही केली. कागद फाटेल की काय इतक्या जोरात!

माझा फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. "माफी आधी, सही नंतर."

मी म्हणाले, "मग ठेवा."

घरी आई रडली. बाबांनी पूर्ण लेख मागून वाचला, एकदा हसले, मग लगेच रागावले. शनिवारी ते माझ्याबरोबर शाळेत येणार आहेत. काय होईल माहीत नाही. वर्ष गेलं तर जाऊ दे, पुढच्या वर्षी बसेन. पण जे खरं आहे त्याची माफी मी लिहिणार नाही.

शनिवारी पहाटेची पहिली बस पकड. फॉर्मवर तुझी सही बारापर्यंत हवी. मावशी अडवेल, "स्थळ येतंय" म्हणेल. म्हणू दे. तिला सांग, आधी परीक्षा. शेजारच्या काकांची गाडी आज रशीदला निघालीय, म्हणून पत्र त्यांच्याच हाती देते.

मला माफ कर, असं मी लिहीत नाहीये. ते तुझ्यासमोर उभी राहून म्हणेन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. पण ये.

वीस दिवस तुझं नाव पुढे करून लपलेली, आणि आज स्वतःचं नाव ओरडून सांगणारी,

इन्शिराह